डिकॅफ घ्यावी का? आधी चहाची वेळ बदलू या

मागच्या एका रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर चहा चालू होता. पुण्याला नोकरीला असलेला आपल्या वस्तीतला एक तरुण सुट्टीवर आला होता. त्याने आईसाठी कॉफीची एक बाटली आणली होती. आईला रात्र-रात्र झोप लागत नाही, छातीत धडधडतं. कामावरच्या कुणीतरी त्याला सांगितलं, की नेहमीची कॉफी नि चहा बंद करून ‘डिकॅफ’ चालू करा. ती माउली बाटली हातात धरून आम्हाला विचारत होती, “ह्यातून काय काढून घेतलंय म्हणं? आन् काढून घेतलंय तर मग महाग कसं?”

प्रश्न रास्त आहे. युसूफ वडगावात कॉफी पिणारी घरं मोजकी. पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, की कॉफी. एरवी सकाळी उठल्यापासून रात्री अंथरूण टाकेपर्यंत चहाच. तरीही आम्ही आरोग्याच्या या पानावर डिकॅफचा विषय घेत आहोत, कारण त्या माउलीच्या प्रश्नात आपल्या सगळ्यांचाच प्रश्न आहे. आपण जे दिवसभर पितो त्यात काय असतं, ते अंगाला काय करतं, आणि बाजारातून महागाची बाटली आणली म्हणजे काम भागतं का? आमचं मत आधीच सांगतो. डिकॅफ वाईट नाही. काहींना तिचा उपयोग आहे. पण आपल्या वस्तीचं खरं दुखणं डिकॅफने बरं होणारं नाही. त्यासाठी चहाची वेळ बदलावी लागेल, आणि भाकरीच्या जागी बसलेला चहा तिथून उठवावा लागेल.

डिकॅफ म्हणजे काय

कॉफीच्या बीमध्ये आणि चहाच्या पानात कॅफिन नावाचा पदार्थ असतो. रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली तो कॉफीतून वेगळा काढून दाखवला. दिवसभर काम करताना आपल्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जसं साठेल तशी झोप येते, अंग सैल पडतं. कॅफिन त्या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. थकवा आहे तिथेच राहतो, फक्त त्याची खबर आपल्याला लागत नाही. चहा प्यायल्यावर ‘तरतरी आली’ असं आपण म्हणतो, ती अशी. अंगात नवी ताकद आलेली नसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातल्या लुडविग रोझेलियस या कॉफीच्या व्यापाऱ्याने बीमधून कॅफिन काढून ती विकायला सुरुवात केली. त्या वेळी त्यासाठी बेंझिन वापरत. ते विषारी ठरल्यामुळे पुढे बंद झालं. आता पाण्याने, कार्बन डायऑक्साइड वायूने किंवा इतर द्रावकांनी कॅफिन काढतात. बी भाजण्याआधीच हे करावं लागतं, त्याला यंत्रं लागतात, वेळ लागतो. त्या माउलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच. काढून घेण्याचीसुद्धा मजुरी द्यावी लागते, म्हणून डिकॅफ महाग.

सगळं कॅफिन निघत नाही, हेही ध्यानात ठेवावं. डिकॅफच्या कपात थोडं उरतंच, साधारण २ ते १५ मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात १५० मिलिलिटरच्या कपाचा हिशोब असा आहे: गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन जाऊ नये, असंही त्यात सांगितलं आहे. हॉटेलातला कप छोटा असतो. पण दाट उकळलेला चहा दिवसातून आठ-दहा वेळा झाला, की तीनशेचा आकडा कधी गाठला ते कळतही नाही.

कॅफिन अंगातून लवकर जात नाही. साधारण माणसाच्या शरीरात पाचेक तासांनी त्यातलं निम्मं शिल्लक असतं. म्हणजे संध्याकाळी पाचच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला रक्तात फिरतच असतं. गरोदरपणी ते याहून कितीतरी जास्त वेळ राहतं. म्हणून गरोदर बाईने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आतच राहावं, असं युरोपातली अन्नसुरक्षा संस्था सांगते.

तेव्हा ज्याला खरोखर कॉफीची सवय आहे आणि झोप येत नाही, धडधड होते, हात थरथरतात, त्याने डिकॅफ जरूर घेऊन पाहावी. पण आधी बाटलीवरचं लेबल वाचावं. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कॉफी पावडरींत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एक मूळ आहे, त्यात कॅफिन नसतं. कायद्याने चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत मिसळता येते. म्हणजे साधी, स्वस्त, चिकोरीची कॉफी घेणारा माणूस आधीच थोडी कमी कॅफिनची कॉफी पीत असतो. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डिकॅफवर फार भरवसा ठेवू नये. डिकॅफनेही काहींच्या छातीत जळजळतं. आणि धडधड, घाबरं होणं हे नेहमीचं असेल तर डॉक्टरला दाखवावं. कपावर खापर फोडून घरी बसू नये. धडधड रक्त कमी असल्यानेही होते, थायरॉइडनेही होते.

डिकॅफने न सुटणाऱ्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट साखर. आपल्याकडचा चहा गोडमिट्ट. कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत ४० ते ५० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. आपण चहातच त्याच्या दुप्पट करतो. कॅफिन काढलेल्या कॉफीत दोन चमचे साखर घातली तर ती साखर काही निघून जात नाही. गूळ घातला म्हणजे मधुमेह होत नाही, हाही गैरसमजच आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची, आणि आमच्या मते तीच सगळ्यात मोठी. चहा आणि कॉफीत कॅफिनशिवाय तुरट द्रव्यं असतात. आपण त्यांना टॅनिन म्हणून ओळखतो. पालेभाजीतलं, डाळीतलं, बाजरी-ज्वारीतलं लोह आतड्यात शोषलं जाण्याआधीच ही द्रव्यं त्याला धरून ठेवतात. लोह पोटात जातं आणि तसंच बाहेर पडतं. कॅफिन काढलं तरी ही तुरट द्रव्यं बरीचशी मागे राहतात. म्हणून जेवताना डिकॅफ घेतली काय नि साधी कॉफी घेतली काय, लोहाचं नुकसान टळत नाही. डिकॅफने झोप सुधारेल, पण रक्त वाढणार नाही.

आता आपलं जेवण आठवून पाहा. सकाळी चहा-भाकरी, नाहीतर चहात बुडवलेली खारी किंवा बटर. दुपारी जेवण झाल्याबरोबर चहा. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी कशाबरोबर? चहाच्या घोटाबरोबर! सरकार किशोरींना आठवड्याला निळी गोळी देतं, गरोदर मातांना रोजची लाल गोळी देतं. ती गोळी आपण अशा पद्धतीने घेतो, की तिच्यातलं बरंचसं लोह वाया जावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही. याचं कारण एकटा चहा नाही. कमी खाणं, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं, लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, पाळीतला जास्त रक्तस्राव, जंत, अशी कारणं पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी उद्या सकाळपासून, एक रुपयाही खर्च न करता बदलता येईल असं कारण एकच आहे. ते म्हणजे चहाची वेळ.

कोपीतला चहा

आपल्या केज तालुक्यात ‘कॉफी’पेक्षा ‘कोपी’ हा शब्द जास्त ओळखीचा आहे. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्याच्या आसपासच्या रानात कोप्या पडतात आणि पुढचे पाच-सहा महिने तेच घर. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात उठायचं, मिळेल ते पाणी तापवायचं आणि कोरा चहा प्यायचा. दूध नाही, कारण दूध परवडत नाही. बाई स्वयंपाक करून, लेकराला खांद्यावर मारून फडात जाते. गाडी भरायची वेळ आली की रात्र असो, थंडी असो, मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. जेवायला वेळ नसतो. मग मधे-मधे पुन्हा चहा.

या चहाला आपण ‘आधार’ म्हणतो. पण तो भूक मारतो, भागवत नाही. थकव्याची खबर दाबतो, थकवा काढत नाही. आणि त्यात जी साखर पडते ती आपणच तोडलेल्या उसाची!

२०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढल्याचं पुढे आलं. त्यात आपल्या समाजाच्या, भटक्या-विमुक्तांच्या, वंजारी, मराठा, मुस्लिम अशा सगळ्याच कष्टकरी घरांतल्या बायका होत्या. त्या शस्त्रक्रियांची कारणं वेगळी आहेत. खाडा झाला की कापला जाणारा पैसा, शौचालय नसणं, पाळीत विश्रांती नसणं, दुखण्याची भीती घालणारे लोक. त्याचा दोष चहावर टाकणं म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मोकळं सोडणं होईल. पण एवढं मात्र नक्की, की ज्या अंगावर ही सगळी ओझी पडतात त्या अंगात रक्त हवं. उपाशी पोटी कोरा चहा आणि जेवणावर पुन्हा चहा, ही रीत उरलंसुरलं रक्तही भरून येऊ देत नाही.

म्हणून शहाणपण शिकवायला येणाऱ्यांना आम्ही आधीच सांगतो, कोपीतल्या बाईला ‘चहा सोड’ एवढंच सांगू नका. तिला आधी खायला मिळू द्या. टोळी निघण्याआधी गावातच प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन तपासा. ते १२ च्या खाली, गरोदर असल्यास ११ च्या खाली असेल तर हातात गोळ्या द्या आणि गोळी कशी घ्यायची तेही समजावून सांगा. कारखान्याच्या तळावर पिण्याचं पाणी, संडास आणि आरोग्यसेविकेची फेरी द्या. आपलं रेशन आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही मिळतं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत तो आपला हक्क आहे. निघताना कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झालं आहे. त्याच्याकडे या मागण्या लेखी करा. आरोग्याचा प्रश्न हा कपाइतकाच मजुरीचाही आहे.

ज्या कपासाठी लढलो

चहा कमी करा म्हटलं, की आपली जुनी माणसं गप्प बसून ऐकत नाहीत. त्यांच्या रागाला कारण आहे. गावोगावच्या हॉटेलांत आपल्यासाठी वेगळी कपबशी असायची. बाहेर वळचणीला, कान तुटलेली. आपणच ती घ्यायची, आपणच विसळायची, वरून ओतलेला चहा बाहेर बसून प्यायचा आणि पुन्हा तिथेच ठेवायची. पैसे मात्र सगळ्यांइतकेच द्यायचे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो हक्क नुसत्या तहानेचा नव्हता. माणूस म्हणून बरोबरीने पिण्याचा तो हक्क होता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं सगळ्यांना खुली झाली, सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, हॉटेलातली भांडी वापरू न देणं हासुद्धा गुन्हा ठरवला. त्यानंतरही ती वळचणीची कपबशी लगेच गेली नाही. ती घालवायला पोरांनी मार खाल्ला आहे.

म्हणून आम्ही ‘चहा सोडा’ असं म्हणत नाही. तो कप आपल्या हक्काचा आहे. त्यात काय, कधी आणि किती घालायचं हे ठरवण्याचा हक्कही आपलाच आहे, एवढंच आमचं म्हणणं.

याला आणखी एक नाजूक बाजू आहे. आपल्या घरी कुणी चहाला ‘नको’ म्हटलं, की मनात पहिली शंका येते, की आपल्या हातचं चालत नाही की काय? आणि पुष्कळदा ती शंका खरीही असते. त्यामुळे तब्येतीसाठी चहा टाळणाऱ्या आपल्याच माणसालाही नकार द्यायला संकोच वाटतो. एका दिवसात पाच घरी गेला तर पाच कप होतात. यावर वस्तीतल्या एका आजींनी सांगितलेली रीत आम्हाला पटली. त्या म्हणतात, “च्या नको म्हणा, पर पाणी मागून प्या. पाणी पिलं की समदं आलं.” खरंच आहे. ज्या समाजाला पाणीच नाकारलं होतं, त्याच्या घरचं पाणी मागून पिणं हा चहाहून मोठा मान आहे. चहाला नको म्हणताना पाणी मागा, चिमूटभर शेंगदाणे मागा. मग कुणाचंही मन दुखावणार नाही.

हे शिलाचं नाही, अनुभवाचं

काही उपासक विचारतात, चहा-कॉफी पाचव्या शिलात मोडते का? आमच्या समजुतीप्रमाणे नाही. पाचवं शील प्रमादाला, बेहोशीला कारण होणाऱ्या मादक पेयांबद्दल आहे. चहाने माणूस बेहोश होत नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातही नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा मिळतो. तेव्हा चहा पिणाऱ्याला धम्मात कमी लेखण्याचं कारण नाही. पण तथागतांनी कालामांना जे सांगितलं ते इथे लागू आहे. कुणी सांगतं म्हणून मानू नका, स्वतः करून पाहा, हिताचं ठरलं तर धरा. आमच्या या लेखालाही तीच कसोटी लावा. पंधरा दिवस करून पाहा.

करायचं ते असं:

जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा, कॉफी, डिकॅफ काहीही नको. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. सकाळचा चहा सुटत नसेल तर उठल्यावर घ्या, पण भाकरी तासाभराने, आणि भाकरीबरोबर चहाऐवजी कालवण, पालेभाजी, चटणी-दाणे.

लोहाची गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. मटण, कलेजी, सुकट खाणाऱ्यांना त्यातलं लोह जास्त सहज मिळतं. ज्याला परवडेल त्याने आठवड्यातून खावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती उपाशी पोटी नुसत्या पाण्याने घ्या आणि पुढे अर्धा ते एक तास चहा घेऊ नका.

शेवटचा चहा दुपारी तीन-चारच्या आत. ज्यांना झोप येत नाही त्यांनी हे आधी करून पाहावं. डिकॅफची बाटली नंतर.

एकदम बंद करू नका. रोज आठ कप घेणाऱ्याने एका दिवसात तोडला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, चिडचिड होते, मळमळतं. हे कॅफिन तुटल्याचं लक्षण आहे. एक-दोन दिवस जोर असतो आणि आठवड्याभरात ओसरतं. लोक घाबरतात आणि ‘मला चहा लागतोच’ म्हणून पुन्हा सुरू करतात. त्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. साखरही तशीच, अर्धा-अर्धा चमचा उतरवा. जिभेला कळणारही नाही.

रात्रपाळीचे, उसाचा ट्रॅक्टर चालवणारे भाऊ विचारतील, चहा नाही तर जागायचं कसं? त्यांना आम्ही झोपेत गाडी चालवा असं मुळीच सांगणार नाही. कॅफिनने पेंग थोडा वेळ थांबते, हे खरं आहे. पण ती झोपेची उसनवारी आहे. डोळे मिटायला लागले तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपा. कपापेक्षा ते जास्त सुरक्षित आहे.

लहान लेकरांना चहा नको. सकाळी चहात खारी बुडवून दिली की लेकरू गप्प बसतं, पण त्याची भूक मरते. त्यापेक्षा दूध असेल तर दूध, नसेल तर शिळ्या भाकरीचा काला, शेंगदाणे-गूळ, उकडलेलं अंडं.

आणि गरम काहीतरी हवंच असेल तर आपल्या परसात आपलं ‘डिकॅफ’ उभं आहे. गवती चहाची दोन पाती, आल्याचा तुकडा, तुळशीची पानं पाण्यात उकळा. वरून चहापत्ती टाकायची नाही, नाहीतर मुद्दाच गेला. त्यात कॅफिन नसतं. उन्हाळ्यात ताक घालून केलेली ज्वारीची आंबील घ्या, ती पोटालाही धरते. बाटलीचे पैसे वाचतील. त्या पैशांचे शेंगदाणे आणा.

विहारापासून सुरुवात

घरातल्या सवयी एकट्याने बदलत नाहीत. सून ठरवते, सासू चहा टाकते. म्हणून आमचा प्रस्ताव आहे, की सुरुवात विहारातून व्हावी. रविवारच्या वंदनेनंतर चहाच्या किटलीशेजारी गवती चहाची दुसरी किटली ठेवू. दोन्हीतही साखर निम्मी. भोजनदान असेल त्या दिवशी पंगत उठल्याबरोबर चहा फिरवायचा नाही, तासाभराने द्यायचा. वर्षावासातल्या कार्यक्रमांत एक रविवार आशाताईंना बोलवू, हिमोग्लोबिनची तपासणी ठेवू आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. वाढलं की नाही ते आपणच आपल्या डोळ्यांनी पाहू. वाढलं नाही तर कारण शोधायला डॉक्टरकडे जाऊ, गरज पडली तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊ. रक्त कमी म्हणजे नुसतं ‘अशक्तपणा’ म्हणून बसून राहण्याचे दिवस गेले पाहिजेत.

त्या माउलीला आम्ही सांगितलं, बाटली आणलीच आहे तर फेकू नका. सकाळी-दुपारी एखादा कप घ्या, पण जेवणाबरोबर नाही आणि साखर अर्धी घाला. संध्याकाळचा चहा आठ दिवस बंद ठेवून पाहा. धडधडीसाठी रक्त तपासून घ्या. त्यांनी तपासलं. हिमोग्लोबिन आठ निघालं. झोप उडवणारा चहा होताच, पण धडधडीमागे रक्ताची ही तूटही होती, आणि ती डिकॅफने कधीच भरून निघाली नसती. आता गोळी चालू आहे, लिंबाच्या पाण्याबरोबर. मुलाने पुण्याहून फोन करून विचारलं, “आई, कॉफी संपली का? अजून पाठवू?” त्या म्हणाल्या, “कॉफी ऱ्हाऊ दे. येताना दोन किलो शेंगदाणे आण.”

जयभीम! नमो बुद्धाय!